एअरसॉफ्ट पिस्तूल सरकारजमा झालं, आता अपिलाचे दिवस मोजा

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करतो. मे महिन्यात जपानहून परतताना टोकियो मारुई कंपनीचं गॅस ब्लोबॅक एअरसॉफ्ट पिस्तूल, म्हणजे गॅसच्या जोरावर प्लॅस्टिकच्या गोळ्या सोडणारं खेळण्यातलं पिस्तूल, घेऊन आलो. मुंबई विमानतळावर कस्टम्सने ते ताब्यात घेतलं. ते सरकारजमा केल्याचा आणि मला 20,000 रुपये दंड केल्याचा आदेश 15 जूनला स्पीड पोस्टाने आला. आमच्या एअरसॉफ्टवाल्या मित्रांच्या मते गोळीची ऊर्जा 20 ज्यूलच्या खाली असेल तर परवाना लागतच नाही, आणि हे तर एक ज्यूलचंही नाही. मी कस्टम्सला तीन ईमेल केले, एकाचंही उत्तर नाही. गणपती झाल्यावर वकील गाठावा म्हणतो. पिस्तूल परत मिळेल का?

उत्तर : गणपती झाल्यावर वकील गाठलात तर त्याच्या हातात काही उरलेलं नसेल. तुम्ही आदेशाच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला आहे. त्यात वरच्या बाजूला बारीक अक्षरात एक परिच्छेद आहे : या आदेशाविरुद्ध 60 दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे दाद मागता येईल. तुम्ही त्या पानाचा फोटो काढला, मला पाठवला, आणि तेवढंच वाचायचं राहिलं.

कस्टम्स कायदा 1962, कलम 128. आदेश हातात पडल्यापासून 60 दिवस. पुरेसं कारण दाखवलं तर आयुक्त आणखी 30 दिवस देऊ शकतात, त्यापुढे एकही दिवस देण्याचा अधिकार त्यांना नाही. केंद्रीय अबकारी कायद्यातल्या अशाच शब्दांच्या कलमावर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2007 मध्ये सिंग एंटरप्रायझेसच्या खटल्यात हे स्पष्ट केलं : वाढीव 30 दिवस संपले की उशीर माफ करण्याची सोयच नाही.

तुमचे 60 दिवस 14 ऑगस्टला संपले. आज 31 ऑगस्ट, 77 वा दिवस. 90 वा दिवस 13 सप्टेंबर, त्या दिवशी रविवार. आदल्या दिवशी शनिवार, कचेरी बंद. सुट्टीमुळे सोमवारी अपील दाखल करता येईल का, या वादात शिरूच नका, वाढीव मुदतीच्या बाबतीत तो धोक्याचा आहे. तुमच्यासाठी शेवटची तारीख शुक्रवार, 11 सप्टेंबर. गणपती बसतात सोमवारी, 14 ला.

ईमेलचं म्हणाल तर ती अपिलं नव्हेत. विमानतळावरच्या अधिकाऱ्याला शंभर ईमेल केले तरी मुदत थांबत नाही. त्यांचा उपयोग एवढाच की तुम्ही हातावर हात ठेवून बसला नव्हतात, हे उशीर माफीच्या अर्जात दाखवता येईल. तिन्ही ईमेल तारखांसह छापून जोडा. स्पीड पोस्टाचं पाकीट जपून ठेवलं असेल तर तेही जोडा, कारण दिवस त्या तारखेपासून मोजले जातात. फेकलं असेल तर ट्रॅकिंगची नोंद आजच काढा.

अपील सीए-1 या नमुन्यात, दोन प्रतींत करायचं असतं. दंडाच्या साडेसात टक्के आधी भरावे लागतात. तुमच्या बाबतीत 1,500 रुपये. एवढ्या रकमेसाठी 77 दिवस घालवलेत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता 20 ज्यूलबद्दल. हा हिशेब मला वरचेवर लिहून येतो आणि प्रत्येक वेळी अर्धाच असतो. शस्त्र नियम 2016 मधली एअरगनची सूट दोन अटींवर उभी आहे : ऊर्जा 20 ज्यूलपर्यंत, आणि नळीचा व्यास 0.177 इंच, म्हणजे 4.5 मिलिमीटरपर्यंत. दोन्ही अटी एकदमच पाळल्या पाहिजेत. तुमच्या पिस्तुलातून 6 मिलिमीटरच्या प्लॅस्टिकच्या गोळ्या सुटतात. जपानने 2006 साली कायदा दुरुस्त करून अशा खेळण्यांना 0.98 ज्यूलची मर्यादा घातली, त्यामुळे तुमचं पिस्तूल तिथे बिनघोर विकलं जातं. ती मर्यादा इथे तुम्हाला कामाला येत नाही. खेळण्यातल्या बंदुकीच्या नळीचं टोक नारिंगी असावं हा नियम अमेरिकेचा, त्याचंही तेच.

शस्त्र कायद्यातली 'अग्निशस्त्रा'ची व्याख्या रुंद आहे. स्फोटकाने 'किंवा अन्य प्रकारच्या ऊर्जेने' काहीही फेकणारं साधन तिच्यात बसू शकतं, आणि मॅगझिनमधला गॅस ही ऊर्जाच. उलट बाजूनेही बोलता येईल : 0.2 ग्रॅमची प्लॅस्टिकची गोळी फेकणाऱ्या वस्तूला अग्निशस्त्र म्हणणं कायद्याच्या हेतूला धरून नाही. यावर निकाल काय लागेल ते मी सांगणार नाही. शिवाय बाळगायला परवाना लागत नाही म्हणजे आणायलाही लागत नाही, असं होत नाही. स्प्रिंगच्या, हवेच्या किंवा गॅसच्या बंदुका आणि पिस्तुलं कस्टम्सच्या शुल्कसूचीत 9304 या शीर्षाखाली येतात आणि त्यांची आयात निर्बंधित आहे.

तुमची सगळ्यात कच्ची बाजू वेगळीच आहे. पिस्तूल घोषित न करता तुम्ही ग्रीन चॅनेलमधून, म्हणजे घोषित करण्यासारखं काही नसलेल्यांच्या वाटेने, निघालात. काउंटरवर जाऊन सांगितलं असतंत तर कलम 80 खाली सामान कस्टम्सकडे ठेवून भारताबाहेर जाताना परत घ्यायची वाट मोकळी होती. आता अपिलात पर्यायी मागणी म्हणून एवढं नक्की लिहा : सोडवणूक दंड भरून माल द्यावा, नाहीतर जपानला परत पाठवू द्यावा. मालाची आयात प्रतिबंधित ठरली तर कलम 125 खाली हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे. तरी मागितल्याशिवाय कोणी देणार नाही.

एक मुद्दा मात्र तुमच्या बाजूने जोर धरू शकतो. 'कारणे दाखवा नोटीस नको' अशा छापील कागदावर त्या रात्री तुमची सही घेतली, असं तुम्ही लिहिता. दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 मध्ये अशा छापील सह्या नोटिशीची जागा घेऊ शकत नाहीत, असं म्हटलं आहे. मुंबईत तो निकाल बंधनकारक नाही, पण अपिलाचा पहिला मुद्दा तोच करा. त्या कागदाची प्रत तुमच्याकडे नसेल तर अपिलाबरोबरच मागणीचा अर्ज द्या, प्रतीची वाट बघत थांबू नका.

त्या पिस्तुलाचे फोटो मित्रांना पाठवणं बंद करा. पोलिसांत अजून काही गेलेलं नाही असं तुमच्या कागदांवरून दिसतं. ते तसंच राहील याची हमी मला देता येत नाही.

वकील उद्या गाठा. मुंबईला कागद घेऊन जावं आणि वकालतनाम्यावर सही करावी तुम्हालाच लागेल, आणि तुमच्याकडे आता दोन आठवडेसुद्धा नाहीत.