वाचकांचे प्रश्न : एवढ्या निगुतीने केलेलं सगळं शेवटी कुठे जातं?

प्रश्न : डॉक्टर, सप्रेम नमस्कार. माझं वय ४१. चार महिन्यांपूर्वी माझे वडील गेले. निवृत्तीनंतर त्यांनी जुने रेडिओ दुरुस्त करण्याचा छंद लावून घेतला होता. ओळखीपाळखीचे लोक बंद पडलेले रेडिओ आणून देत, हे दुरुस्त करून ज्याचे त्याला परत करत. त्यांची खोली आवरायला घेतली, तर कपाटात लहान लहान बाटल्यांमध्ये स्क्रू, वायसर, कपॅसिटर भरून ठेवलेले, प्रत्येक बाटलीवर त्यांच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी. टेबलावर एक रेडिओ उघडाच. ते पाहिलं आणि हातपायच गळाले. एवढ्या निगुतीने केलेलं सगळं आता भंगारात जाणार. मीही असाच जाणार. दोन पिढ्यांनंतर आमचं नावही कुणाला ठाऊक नसेल. मग रोज उठून कामाला जायचं, कर्जाचे हप्ते फेडायचे, मुलीचा अभ्यास घ्यायचा, ते कशासाठी? रात्री तीनला जाग येते आणि हाच प्रश्न समोर उभा राहतो. परवा माझ्या सहा वर्षांच्या मुलीने विचारलं, ‘बाबा, तू पण मरणार का?’ मी विषय बदलला. मरण ठरलेलंच आहे, तर जगण्याला अर्थ आहे असं कशाच्या जोरावर म्हणायचं? आणि तिला काय सांगू?

– एक वाचक

उत्तर : तत्त्वज्ञानाकडे वळण्याआधी तुमच्या रात्रींबद्दल विचारते. झोप मोडते तशी भूकही गेली आहे का? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत आता अजिबात मन लागत नाही का? हे दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज आणि दिवसभर चालू असेल तर डॉक्टरांना दाखवा. नैराश्यातही नेमका हाच प्रश्न पडतो आणि तेव्हा कितीही चांगलं उत्तर मिळालं तरी ते आत पोचत नाही. जगणंच नको असा विचार मनात येत असेल, तर त्याच दिवशी घरातल्या कुणाला तरी सांगा आणि मदत घ्या. पण मुलीबरोबर खेळताना, कामात गढून गेल्यावर हा प्रश्न तासभर विसरला जात असेल, तर हे बहुधा दुःख आहे. चार महिने म्हणजे दुःखाच्या हिशेबात काहीच नाही.

आता तुमचा प्रश्न. माझी बरीचशी नोकरी उपशामक सेवेच्या वॉर्डात झाली. आजार बरा होणार नाही हे ठरलेली माणसं तिथे असतात. त्यांचं दुखणं, धाप, मळमळ आणि भीती कमी करणं हे आमचं काम. आपण मरणार हे तुम्हाला रात्री तीनला आठवतं, या माणसांना ते चोवीस तास माहीत असतं. त्यातली एक बाई मला नेहमी आठवते. गणिताच्या शिक्षिका होत्या. नाकात ऑक्सिजनची नळी, चार शब्द बोलल्या तरी दम लागायचा. रात्रपाळीचा मदतनीस बाहेरून परीक्षेला बसला होता आणि बीजगणितात अडकत होता. त्याची वही त्या मांडीवर घ्यायच्या. उत्तर कधीच लिहून द्यायच्या नाहीत. चुकलेल्या ओळीपाशी पेन्सिलीने फक्त ‘चिन्ह?’ एवढंच लिहायच्या आणि वही परत करायच्या. तो डोकं खाजवत बसायचा, मग एकदम हसायचा. कंसाबाहेर वजा असला की आतली चिन्हं बदलतात, एवढंच असायचं ते. परीक्षेच्या आधीच त्या गेल्या. तो पास झाला की नाही हे मी मुद्दामच सांगत नाही, कारण माझ्या मते त्यावर काहीच अवलंबून नाही. त्याला ते गणित समजलं त्या क्षणी त्यांचं काम झालं होतं.

मला जे सांगायचं आहे ते इथेच आहे. मृत्यू पुढचं थांबवतो. मागे जाऊन झालेलं पुसणं त्याला जमत नाही. तुमच्या वडिलांनी दुरुस्त केलेला रेडिओ कुणाच्या तरी घरी पुन्हा बोलू लागला, त्या माणसाचा चेहरा उजळला. हे घडलं. तो रेडिओ उद्या फुटला, तो माणूसही गेला, आठवणारं कुणी उरलं नाही, तरी ते घडलं नव्हतं असं कधीच होणार नाही. हा विचार मी व्हिक्टर फ्रँकल यांच्याकडून घेतला आहे. व्हिएन्नाचे हे मनोविकारतज्ज्ञ नाझींच्या छळछावण्यांतून जिवंत बाहेर आले. आईवडील, भाऊ आणि पत्नी मात्र त्यांनी गमावली होती. जे जगून झालं ते कायमचं सुरक्षित असतं, ते आता कुणी हिरावून घेऊ शकत नाही, असं ते मांडत. एवढं सोसलेल्या माणसाने ते म्हटलं आहे, म्हणून मला त्यावर विसंबावंसं वाटतं.

‘दोन पिढ्यांनी नाव उरणार नाही’ हे तुमचं म्हणणं खरंच आहे. पण टिकणं हीच कसोटी लावली तर तिला कुणीच उतरत नाही. सूर्यालासुद्धा आणखी साधारण ५ अब्ज वर्षंच आहेत. थॉमस नेगेल या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९७१ मध्ये या युक्तिवादाची गंमतीदार वाटणारी पण पक्की उलटतपासणी केली. आज केलेल्या कशालाही दहा लाख वर्षांनी महत्त्व नसेल म्हणता? मग त्याच न्यायाने दहा लाख वर्षांनंतरच्या कशालाही आज महत्त्व नाही. म्हणजे ‘तेव्हा याला महत्त्व नसेल’ या गोष्टीलाही आज महत्त्व नाही. दुखणाऱ्या माणसाला आता दिलेलं औषध आताच लागू पडायला हवं असतं. त्याचं समर्थन करायला पुढचं शतक बोलवावं लागत नाही.

एपिक्युरस या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाचं म्हणणं तुमच्या कानावर आलं असेल : आपण असतो तेव्हा मृत्यू नसतो आणि मृत्यू येतो तेव्हा आपण नसतो, मग भ्यायचं कशाला? स्वतःच्या मरणापुरता याचा थोडा आधार मिळतो. मागे राहिलेल्याला मात्र हे काहीच देत नाही, कारण तुम्ही आहात आणि वडील नाहीत. आणखी एक वाक्य हल्ली फार ऐकू येतं, मृत्यू आहे म्हणूनच आयुष्याला अर्थ आहे. मला हे पटत नाही. लहान मूल मागे ठेवून जाणाऱ्या तिशीतल्या आईच्या उशाशी उभं राहून ते म्हणून बघा, ओठावर येणार नाही. मृत्यू खरोखर काहीतरी हिरावून नेतो. तुमचं दुःख ही विचारांतली चूक नाही, ते काढून टाकायचीही गरज नाही.

तो उघडा रेडिओ तुम्हाला छळतोय, हे पत्रावरून कळतं. मी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येकाचं काहीतरी अर्धवट राहिलं. वडिलांचं राहिलं, कारण शेवटपर्यंत त्यांचं मन कशात तरी गुंतलेलं होतं. त्या बाटल्या टाकायची आत्ता घाई करू नका. दुरुस्त झालेले रेडिओ कुणाकडे गेले ते मात्र जमेल तसं शोधा, त्यांच्याशी बोला. तुमच्या वडिलांबद्दल तुम्हाला माहीत नसलेलं काहीतरी नक्की कळेल.

तुमची आई किंवा घरातलं कुणी वडीलधारं असेल, तर त्यांना बोलतं करा. हार्वी चोचिनोव्ह या कॅनडातल्या मनोविकारतज्ज्ञांनी यासाठी एक पद्धत बसवली आहे. अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णाला विचारतात, आयुष्यात सगळ्यात जिवंत कधी वाटलं? आपल्या माणसांनी तुमचं काय लक्षात ठेवावं? बोलणं रेकॉर्ड करून लिहून काढतात, रुग्णाला वाचून दाखवतात, त्याच्या मनासारखं झालं की ते घरच्यांसाठी त्याच्या हाती देतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या अभ्यासात कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले १०० रुग्ण होते. आपल्या जगण्याला अर्थ आहे ही जाणीव वाढल्याचं त्यांतल्या ६७ टक्के जणांनी सांगितलं. यांतल्या कुणालाही आयुष्य वाढवून मिळालं नव्हतं. निरोगी माणसानेही हे प्रश्न एकमेकांना विचारायला काहीच हरकत नाही. तुम्ही स्वतःही उत्तरं लिहून बघा. मात्र दिवसा लिहा. रात्री तीनला अंथरुणावर पडून हा प्रश्न कुणालाच सुटत नाही.

आता मुलगी. विषय बदलू नका, तिला ते कळतं. साधारण पाच ते सात या वयात मुलांना उमगू लागतं की मेलेलं माणूस परत येत नाही आणि हे सगळ्यांच्याच बाबतीत होतं. ‘आजोबा झोपलेत’ किंवा ‘लांब गेलेत’ असं सांगू नका. मुलं शब्दशः घेतात, मग झोपायला घाबरतात किंवा वाट बघत राहतात. सरळ सांगा : आजोबांच्या शरीराचं काम थांबलं, आता त्यांना काही दुखत नाही, भूक लागत नाही, ते परत येणार नाहीत. ‘तू पण मरणार का?’ याला ‘हो’ म्हणा. लगेच पुढे सांगा, ‘बहुतेक माणसं खूप म्हातारी झाल्यावर मरतात. मी अजून खूप वर्षं तुझ्याजवळ राहीन असं मला वाटतं.’ या प्रश्नामागे मुलांचे आणखी दोन प्रश्न असतात, जे ती बहुधा विचारत नाहीत : माझ्या वागण्यामुळे तर असं झालं नाही ना, आणि तुला काही झालं तर मला कोण सांभाळेल? पहिल्याला ठाम ‘नाही’ सांगा. दुसऱ्याला माणसांची नावं घेऊन उत्तर द्या.

सांगताना डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या, आजोबांची आठवण आली म्हणून रडू आलं असं तिला सांगा. ती हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारेल, बहुधा तुम्ही दुसऱ्याच गडबडीत असताना. दर वेळी तेच उत्तर, तितक्याच शांतपणे द्या. एखाद्या वेळी उत्तर सुचलं नाही, तर ‘मला नाही माहीत, विचार करून सांगतो’ म्हणा आणि दुसऱ्या दिवशी आठवणीने सांगा.