अपघातात तुटलेला कान पुन्हा घडवणं ‘कॉस्मेटिक’ नव्हे

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी कराडजवळ एका टेम्पोने आमच्या मोटरसायकलला धडक दिली. गाडी मी चालवत होतो. मागे बसलेल्या धाकट्या बहिणीचा (वय २४) उजवा कान बराचसा तुटला. त्या वेळचा दवाखान्याचा खर्च वडिलांच्या मेडिक्लेममधून मिळाला. आता पुण्याचे प्लास्टिक सर्जन बरगडीची कूर्चा (मऊ, लवचीक हाड) काढून दोन टप्प्यांत कान तयार करू म्हणतात. पण विमा कंपनीने ‘कॉस्मेटिक सर्जरी’ असा शेरा मारून कॅशलेस नाकारलं. दुसरीकडे टेम्पोच्या विमा कंपनीचा माणूस घरी येऊन, एकरकमी पैसे घ्या आणि सही करून विषय संपवा, म्हणतो. घरचेही तयार झाले आहेत. काय करावं?

उत्तर : त्या कागदावर आज सही करू नका, आणि घरच्यांनाही करू देऊ नका. रक्कम कमी की जास्त हा मुद्दा नंतरचा. ‘फुल अँड फायनल’ म्हणून सही झाली की पुढच्या शस्त्रक्रियांचा खर्च मागणं फार अवघड होतं, आणि तुमच्या बहिणीचा खरा उपचार तर अजून सुरूच व्हायचा आहे.

आधी मेडिक्लेम. कोणत्या गोष्टी विम्यातून वगळायच्या, त्यातल्या प्रमुख कलमांची भाषा आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेने सगळ्या कंपन्यांना एकसारखी करून दिली आहे. पॉलिसीत कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरीचं कलम शोधा. त्याचा कोड ०८ या आकड्याने संपतो. रूप बदलण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळणार नाही, असं ते सांगतं. पण अपघात, भाजणं किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना त्यातून स्पष्टपणे बाहेर ठेवली आहे. ज्या कलमावर बोट ठेवून तुम्हाला नकार मिळाला, ते शेवटपर्यंत वाचलं तर तुमच्याच बाजूचं आहे.

मग नकार आला कसा? तुम्ही पाठवलेल्या प्री-ऑथ (कॅशलेसच्या पूर्वमंजुरीच्या) फॉर्ममध्ये निदानाच्या रकान्यात ‘कानाची प्लास्टिक सर्जरी’ एवढंच लिहिलेलं आहे, अपघाताच्या इतिहासाचा रकाना कोरा आहे, आणि सोबत एफआयआरही नाही. रुग्णालयाच्या टीपीए (विमा दाव्यांचं काम पाहणाऱ्या) डेस्कवर घाईत भरलेल्या अशा फॉर्ममुळे चांगले दावे अडतात, आणि त्याचा त्रास रुग्णाला होतो याचं मला खरंच वाईट वाटतं. फॉर्म नव्याने भरून घ्या. एफआयआर, पंचनामा, पहिल्या दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड आणि तेव्हाचे जखमेचे फोटो जोडा. याच कंपनीने पहिला दावा अपघाताचा म्हणून मंजूर केला होता, हे पत्रात ठळक लिहा.

सर्वांत महत्त्वाचं पत्र सर्जनचं. ‘कान दुरुस्त करणे’ असं मोघम नको. रस्ता अपघातात कानाची पाळी (बाहेरून दिसणारा कान) कूर्चेसह तुटली, हे तारखेनिशी हवं. नंतर पद्धत हवी : बरगड्यांची कूर्चा काढून तिच्यातून कानाचा सांगाडा कोरायचा, तो त्वचेखाली बसवायचा आणि काही महिन्यांनी दुसऱ्या टप्प्यात डोक्यापासून उचलून मागे त्वचेचं रोपण करायचं. जखमेच्या वणामुळे तिथली त्वचा घट्ट झाली असेल, तर कानशिलावरच्या त्वचेखालचा पातळ पडदा रक्तवाहिन्यांसकट वळवून सांगाड्यावर घालावा लागतो. तसं ठरलं असेल तर तेही लिहून घ्या. बरगडीच्या कूर्चेतून कान घडवण्याची ही वाट अमेरिकेतले सर्जन रॅडफर्ड टॅन्झर यांनी १९५९ मध्ये रूढ केली. म्हणजे ही प्रस्थापित, पुनर्रचनेची शस्त्रक्रिया आहे. तिला सौंदर्योपचारांच्या पंक्तीत बसवणं चूक आहे.

शिवाय कानाच्या पाळीला कामही असतं. आवाज कुठल्या दिशेने आला हे ओळखायला ती मदत करते, आणि चष्म्याची काडी टेकते ती तिच्यावरच. तुमची बहीण चष्मा लावते आणि आता तो बँडने बांधते, असं तुम्ही लिहिलंय. हे वाक्य सर्जनच्या पत्रात यायलाच हवं.

कॅशलेस नाकारलं म्हणजे दावाच फेटाळला असं नसतं. कंपनीला आगाऊ लेखी कळवून शस्त्रक्रिया करता येते आणि नंतर बिलांची भरपाई मागता येते. तरीही नकार आला तर पॉलिसी वडिलांची असल्याने तक्रार त्यांच्या सहीने आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही. मुदत मात्र एक वर्षाची आहे. लोकपालांचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. ग्राहक आयोगाचा मार्गही आहे, त्याला दोन वर्षं. पण दोन्हीकडे एकाच वेळी जाता येत नाही.

आता टेम्पोवाला, आणि इथे घाई खरी आहे. १ एप्रिल २०२२ पासून मोटार अपघात न्यायाधिकरणात अर्ज करायला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. तुमचे चार गेले. वाटाघाटी चालू आहेत या भरवशावर थांबू नका, या महिन्यातच अर्ज दाखल करा. तडजोड नंतर न्यायाधिकरणासमोरही होते, आणि तिथे ती नीट नोंदवली जाते.

अर्जात झालेल्या खर्चाबरोबर पुढच्या उपचारांचा खर्च वेगळा मागा. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०११) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने भविष्यातला वैद्यकीय खर्च, वेदना, आयुष्यातल्या सुखसोयींची आणि लग्नाच्या शक्यतांची हानी हे स्वतंत्र मुद्दे मानले आहेत. नुसतं एस्टिमेट जोडून भागत नाही, ते सिद्ध करावं लागतं. त्यासाठी सर्जनची साक्ष लागेल, त्यांना आताच विचारून ठेवा. कूर्चेचा कान शक्य झाला नाही तर सिलिकॉनचा कृत्रिम कान बसवतात. तो दर काही वर्षांनी बदलावा लागतो, म्हणून तो पर्यायही एस्टिमेटमध्ये खर्चासह लिहून घ्या.

मेडिक्लेम मिळाला तर इकडची भरपाई कमी होईल, ही भीती टेम्पोच्या विमा कंपनीच्या माणसाने घातली असेल तर विसरा. मेडिक्लेमची रक्कम अपघात भरपाईतून वजा करता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२५ मध्ये सांगितलं आहे. तुमचीही थोडी चूक होती, असं टेम्पोची कंपनी म्हणेल. म्हणू दे. बहीण मागे बसलेली होती, तिची चूक नाही; अशा वेळी ती दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकते. तुमच्या मोटरसायकलच्या विमा कंपनीलाही अर्जात सामील करा. भावाविरुद्ध केस झाली असं मनाला लावून घेऊ नका, तिच्या हक्काच्या पैशांसाठी ते गरजेचं आहे.

एफआयआरही एकदा पाहा. चेहरा किंवा डोकं कायमचं विद्रूप होणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ नुसार गंभीर दुखापत आहे. पोलिसांनी साधी दुखापत लावली असेल, तर सर्जनचं प्रमाणपत्र जोडून गंभीर दुखापतीचं कलम १२५(ब) लावण्याचा लेखी अर्ज ठाण्यात द्या आणि पोच घ्या.