सकाळी फिरते, तरी दिवसभराचे बसणे बाधते का?

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातील एका गावात सेतू केंद्र चालवते. सातबारा, दाखले आणि पीक विम्याचे अर्ज यांमुळे सकाळी दहापासून सायंकाळपर्यंत संगणकासमोरून उठणे होत नाही. पहाटे अर्धा तास फिरते, तरी दुपारी कंबर धरते आणि संध्याकाळी पाय जड होतात. लोक रांगेत उभे असताना मध्येच उठून व्यायाम करणे प्रशस्त वाटत नाही. काय करावे?

उत्तर : पहाटेचे फिरणे मुळीच सोडू नका, मात्र त्या अर्ध्या तासाने पुढच्या आठ तासांच्या बसण्याची पूर्ण भरपाई होत नाही. २०१६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेल्या विश्लेषणानुसार इतक्या बसण्याने वाढणारा अकाली मृत्यूचा धोका पुसून टाकायला रोज ६० ते ७५ मिनिटे दमदार चालण्याइतका व्यायाम लागतो. घर आणि केंद्र दोन्ही सांभाळणाऱ्या बाईला एवढा वेळ एका सलग तुकड्यात मिळणे अवघड आहे, म्हणूनच मधून मधून उठण्याला मी अधिक महत्त्व देते.

पायांतले रक्त हृदयाकडे परत ढकलण्याचे काम पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावून करतात. ते तासन् तास निश्चल राहिले की रक्त आणि द्रव खाली साचतात व पाय जड होतात. जेवणानंतर रक्तात आलेली साखरही हालचाल करणारे स्नायू अधिक वेगाने उचलतात. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील २०२३ च्या एका प्रयोगात दर अर्ध्या तासाला पाच मिनिटे चालल्याने रक्तातील साखर आणि रक्तदाब दोन्ही कमी राहिले, आणि तासातून एकच मिनिट चालल्यानेही रक्तदाब उतरला. प्रयोगात अवघे अकरा जण होते, त्यामुळे हे आकडे नियम म्हणून धरू नयेत. परंतु ज्यांना पाच मिनिटे काढणे शक्य नाही, त्यांनी निदान एक मिनिट तरी सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुमच्या संकोचावरचा उपाय कामातच आहे. प्रिंटर हाताशी न ठेवता खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, म्हणजे प्रत्येक दाखल्यामागे उठणे आपोआप होईल आणि ते कोणाला खटकणारही नाही. अंगठ्याचा ठसा किंवा सही उभ्यानेच घ्या. पाण्याची बाटली टेबलावर न ठेवता माठापर्यंत जा. सर्व्हर अडकतो तेव्हा खुर्चीतच वाट पाहण्याऐवजी उभे राहून टाचा दहा-पंधरा वेळा उचला, खांदे मागे फिरवा आणि कमरेवर हात ठेवून हळूच मागे वाका. विम्याच्या मुदतीच्या दिवसांत, म्हणजे रांग दारापर्यंत जाते तेव्हा, हे सगळे विसरते. आणि नेमकी तेव्हाच त्याची गरज सर्वाधिक असते. जेवणानंतरची पाच मिनिटे मात्र खरोखर चालण्यासाठी राखून ठेवा. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडचे दुपारचे ऊन पाहता ती बाहेर न चालता खोलीत किंवा ओसरीतच चाला.

एकाच पायाला अचानक सूज येऊन पोटरी दुखू लागली, किंवा कंबरदुखी पायात उतरून बधिरपणा आला, तर हे उपाय करत न थांबता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.