आज्जाची समाधी कुठं शोधायची?

प्रश्न: आमचं मूळ गाव अक्कलकोट तालुक्यात. १९७२ च्या दुष्काळात वडील सोलापूरला गिरणीत लागले, पुढं शेतही विकलं. आम्ही लिंगायत, आज्जाला आमच्याच रानात पुरलेलं, वर दगडी कट्टा आणि छोटा नंदी होता असं आई सांगायची. आता आई नाही आणि जुना सर्व्हे नंबर सातबाऱ्यावर सापडतच नाही. काय करू?
– एक वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर: ताई, नंबर सापडत नाही म्हणून घाबरू नका. गटवारी, म्हणजे जमिनींचं एकत्रीकरण, झाली तेव्हा जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तर जुनं खरेदीखत घेऊन तालुक्याच्या भूमी अभिलेख ऑफिसला जा, तुमचा नंबर कुठल्या गटात गेला ते तिथल्या एकत्रीकरणाच्या कागदावर मिळेल, मग सातबारा ऑनलाइन निघतो आणि आजचा मालक कळतो. आज्जा कधी वारले ते हवं असेल तर तहसीलच्या रेकॉर्ड रूमला गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, बघायला मागा, पण कुठं पुरलं ते त्यात नसतं.

आणि इथंच कागद संपतो बघा. कागद रानापर्यंत नेतो, रानातली जागा माणसंच दाखवतात. म्हणून माझं ऐकाल तर ऑफिसच्या आधी गावात जा, कागद पुढच्या वर्षी पण मिळेल पण ऐंशीच्या पुढची माणसं थांबत नाहीत. कुणाला विचारायचं? तुमच्या घरचे विधी करणाऱ्या जंगमांच्या घरी, बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्यांना, तुमचं रान वाट्यानं करणाऱ्यांच्या पोरांना. म्हाताऱ्या बायकांना तर नक्की विचारा, आणि तिकडं घरात कन्नड बोलतात म्हणून कन्नड येणारं कुणीतरी सोबत न्या.

ज्वारी निघाल्यावर जा, ऊस असेल तर तोडणीनंतर, रान मोकळं दिसतं. काळी माती पावसात फुगते उन्हाळ्यात भेगाळते, त्यात कट्टा कलतो, खचतो, त्यामुळं आईनं सांगितलं तसंच दिसेल असं धरून चालू नका. नंदी नांगराला आडवा येतो म्हणून कुणी बांधावर, लिंबाखाली नाहीतर गावातल्या देवळात नेऊन ठेवलेला असू शकतो, म्हणजे नंदी सापडला तिथंच समाधी असं नाही, तो मूळ कुठून उचलला ते विचारा.

मालकाला भेटाल तेव्हा पहिलं वाक्य हेच बोला की आम्ही जमीन मागायला नाही, दर्शनाला आलोय. जुने वारस कागद घेऊन दारात आले की कुणालाही धडकी भरते आणि मग माहीत असलेलं पण कुणी सांगत नाही, म्हणून खरेदीखत पिशवीतच राहू द्या. खात्री करायला म्हणून खड्डा तर अजिबात घेऊ नका, ते रान आता त्यांचं आहे आणि आत तुमचे आज्जा बसलेले आहेत, लिंगायतांत बसवूनच पुरतात ना. जागा कळाली की मोबाईलवर लोकेशन सेव्ह करून मालकाच्या नंबरसकट भावकीच्या ग्रुपवर टाका, आणि तिथं दगड बसवायचा असेल तर तो त्यांना विचारूनच बसवा.