नाशिकमध्ये ट्रक शिकतोय, पहिल्या काही आठवड्यात काय करायला लावतात? कसारा घाटाची भीती वाटते

भाऊ, सुरुवातीला स्टेअरिंग कमी आणि बाकीचीच कामं जास्त, नाराज होऊ नको. आडगावच्या टर्मिनलवरून गाडी काढायच्या आधी उस्ताद टायर रॉडने ठोकून आवाज ऐकायला लावेल, टणक वाजला तर ठीक, भद्द वाजला तर हवा कमी. मग दोरी-ताडपत्री, बिल्टी (मालाची पावती), ई-वे बिल (माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद). रिकामी गाडी मोकळ्या रस्त्याला हळूहळू देतात हातात.

घाटाचं म्हणशील तर इगतपुरीकडून कसाऱ्याला लोड गाडी उतरवताना उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाकायचा, मध्येच बदलायला गेलास आणि गिअर पडलाच नाही तर गाडी न्यूट्रलमध्ये पळत सुटते. ब्रेकवर सारखा पाय ठेवला की लायनर तापतात आणि ऐनवेळी ब्रेक लागत नाही, वर पुन्हा पुन्हा दाबला तर ब्रेकच्या टाकीतली हवा पण उतरते (ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात), म्हणून प्रेशरच्या काट्यावर नजर पाहिजेच. डिझेल वाचतं म्हणून न्यूट्रल करणारे शहाणे भेटतील, अजिबात ऐकू नको (आताच्या इंजिनात गिअरमध्ये उतरताना तसंही डिझेल जवळपास जातच नाही).

आणि हो, लर्निंगवर असशील तर शेजारी हेवी लायसन्सवाला बसलेला हवा, नुसता क्लिनर चालत नाही.