कोकणात राहून प्रौढ शिक्षण आणि दूरशिक्षणाचं काम आयुष्यभर करता येईल का?

तुमचं बी.एड. झालंय, घर गुहागरकडे आहे, मुंबईला जायचं नाही आणि मोठ्या माणसांच्या शिक्षणाच्या कामात पूर्णवेळ पडायचंय. पण सगळंच मोबाइलवर आल्यावर ह्या कामाला भविष्य उरलंय का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते उरलंय, आणि कोकणात तर नक्कीच. मी दापोली तालुक्यात आधी साक्षरता वर्गांवर आणि नंतर मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर काम करत आलोय, त्यावरून सांगतो.

शिकवणं हा ह्या कामाचा निम्मा भाग. उरलेला निम्मा म्हणजे लोकांच्या वेळा जुळवणं, आणि खरी कसोटी तिथेच लागते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, माणसं घरी जाळी विणत बसलेली. हर्णै-पाजपंढरीसारख्या ठिकाणी वर्ग घ्यायचा तो ह्याच दिवसांत. तिथून थोडं आत, वरच्या कुणबी वाड्यांत जा, तर जुलैमध्ये सगळं घर लावणीला चिखलात. तिथे भात झोडून घरात आलं की मग माणूस मोकळा होतो, तोही काजू-आंब्याचा हंगाम सुरू होईपर्यंतच. एकाच तालुक्याला एकच वेळापत्रक लावलं की दोन्हीकडचे वर्ग ओस पडतात. हे वरून कळवून उपयोग नसतो, गावातल्याच माणसाला ते ठरवू द्यावं लागतं.

राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम २ ऑक्टोबर १९७८ ला सुरू झाला, १९८८ मध्ये साक्षरता मिशन आलं. मिशनच्या पद्धतीत तीन वाचनपुस्तिका आणि सुमारे २०० तासांचा अभ्यास होता. तो हिशोब मला आजही योग्य वाटतो. फक्त ते २०० तास वर्षाच्या कुठल्या महिन्यांत बसवायचे, ह्यावर सगळं अवलंबून असतं. आता ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे. त्यात स्वयंसेवक शिकवतात आणि शेवटी वाचन, लेखन, संख्याज्ञान अशी १५० गुणांची चाचणी होते. तुम्हाला सुरुवात करायला हीच जागा सोपी. उद्यासुद्धा करता येईल.

वर्गात मात्र पुस्तिकेच्या आधी लोकांच्या घरातला कागद घ्या. मी बचत गटाचं पासबुक घ्यायचो. मासे विकणाऱ्या बायकांचा तोंडी हिशोब इतका पक्का असतो की आकडे शिकवायला वेळ लागत नाही, फक्त ते कागदावर ओळखायला शिकवायचे. एक ताई पाटीवर बाजारातलं देणंघेणं लिहून बघायच्या, खडू इतका दाबायच्या की तुकडे पडायचे. एके दिवशी त्यांनी आपल्या नावाची ओळ बोट ठेवून वाचली, बोट पुढच्या रकान्यात नेलं आणि म्हणाल्या, “सर, ह्या महिन्याचा हप्ता मांडलेला नाय.” खरंच राहिला होता. पुढच्या बैठकीत त्यांनी तो स्वतः मांडून घेतला. त्यानंतर त्या वर्गाला मला कुणालाही बोलवायला जावं लागलं नाही.

पुढचा टप्पा मुक्त शिक्षणाचा. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झालं. पहिले कुलगुरू राम ताकवले. पुढे ते इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचेही कुलगुरू झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद त्या विद्यापीठानं घेतलं, पण घरापर्यंत पोचवायचं काम अभ्यासकेंद्रावरच्या संयोजकाचं आणि संमंत्रकाचं, म्हणजे तिथे मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकाचं. आमच्याकडे येतात कोण? सेविकेच्या पदाला बारावी लागते म्हणून आलेल्या अंगणवाडीतल्या मदतनीस, बढतीसाठी पदवी हवी असलेले एस.टी.तले लोक, लग्नामुळे शिक्षण सुटलेल्या मुली. दहावीच राहिली असेल तर आधी सतरा नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा, फॉर्म भरायला लावायचा. आणि फी बहुतेकदा गणपतीत येते. चाकरमानी भाऊ किंवा नवरा घरी असतो, तेव्हा त्याच्याशी बोलून घ्यावं लागतं. मी आरत्यांच्या आधी घरोघर जाऊन हेच करतो.

प्रवेश घेतलेला माणूस गळतो तो पहिल्या गृहपाठाशी. पुस्तकांचा गठ्ठा घरी येतो, उघडतो कोण? म्हणून पहिल्या महिन्यातच प्रत्येकाला एक पान माझ्यासमोर लिहायला बसवतो, चुकीचं असलं तरी चालेल. आंब्याच्या पेट्या भरायच्या दिवसांत कुणी लिहीत नाही, त्यामुळे माझ्याकडचे गृहपाठ फेब्रुवारीतच उरकलेले असतात.

मोबाइलचं म्हणाल तर तो हवाच. पण फोन बऱ्याचदा मुलाच्या हातात असतो, आणि खाडीकाठच्या कित्येक वाड्यांत रेंजसाठी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळावर, चढावं लागतं. व्हिडिओ पाठवला की शिकवून झालं, असं मानणाऱ्यांशी माझं पटत नाही. अंतराची अडचणही इथे जुनीच. ह्याच तालुक्यातल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी साताऱ्याला चालत गेले होते आणि वय कमी दिसतं म्हणून त्यांना बसू दिलं नव्हतं. त्याच कर्व्यांनी १९३६ मध्ये, म्हणजे पंचाहत्तरी ओलांडल्यावर, शाळा नसलेल्या खेड्यांसाठी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. परीक्षा केंद्र लांब पडलं की आजही इथल्या बायकांची परीक्षा बुडते, म्हणून जवळच्या केंद्रासाठी अर्ज करत राहणं हेसुद्धा ह्या करिअरचंच काम आहे.

आता पोटापाण्याचं. अभ्यासकेंद्रावरचं मानधन थोडं असतं, त्यावर घर चालत नाही. शाळेत किंवा कॉलेजात नोकरी धरून हे काम करणारेच जास्त. सेट-नेट ह्या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा देऊन मुंबई विद्यापीठाच्या आजीवन अध्ययन आणि विस्तार विभागासारख्या ठिकाणी प्रयत्न करता येतो. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचं दूरशिक्षणातलं एम.ए. आहे, ते घरबसल्या करा. स्वतः दूरस्थ विद्यार्थी झालात की गृहपाठ का राहतो ते लगेच समजेल. प्रवेशाच्या दिवसांत गुहागर किंवा चिपळूणच्या एखाद्या केंद्रावर आठवडाभर फॉर्म भरून द्यायला बसा आणि मग ठरवा. दापोलीला यायचं असेल तर जूनमध्ये या, पाजपंढरीचा वर्ग तेव्हा भरलेला असतो.