देशी कुत्रीला ॲजिलिटी ट्रायलला न्यावं का? क्लासमध्ये सगळं करते, पण रिंगमध्ये शिरली की जमीन हुंगत बसते.

न्या. बिनधास्त न्या. आणि ती 'हट्टी' आहे हे तुमच्या ट्रेनरचं म्हणणं कानाआड करा.

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. भारतातून आणलेल्या देशी कुत्रीला हा अडथळ्यांच्या शर्यतीचा खेळ जमेल का, पहिल्या एकेसी, म्हणजे अमेरिकन केनेल क्लबच्या, ट्रायलला कोणत्या उंचीत नाव द्यायचं आणि काय न्यायचं, आणि क्लासमध्ये सगळे अडथळे न चुकता करणारी कुत्री सरावाच्या मॅचला रिंगमध्ये जाताच हुंगत का बसली. पहिल्या दोन्हींचं उत्तर थोडक्यात होईल. तिसऱ्यावर मला बरंच लिहायचं आहे, कारण तुमच्या ट्रेनरने जे ऐकवलं तेच मी इथे न्यू जर्सीत ऐकलंय, माझ्या देशी कुत्रीबद्दल, भिंगरीबद्दल, तिच्या क्रेटसमोर उभं राहून.

आधी जातीचं बोलू. अमेरिकन केनेल क्लबने १९९४ मध्ये ॲजिलिटी ट्रायल सुरू केल्या, पण मिश्र किंवा बिनजातीच्या कुत्र्यांना तिथे २०१० पर्यंत दार बंद होतं. आता 'कॅनाइन पार्टनर्स'मध्ये नोंद केली की आपलं देशी कुत्रं 'ऑल अमेरिकन डॉग' म्हणून उतरू शकतं. पुण्याच्या कुत्रीला ऑल अमेरिकन म्हणताना मला अजूनही खटकतं, पण नियम तसा आहे. आणि २०२४ मध्ये वेस्टमिन्स्टरची मास्टर्स ॲजिलिटी जिंकली ती निंबल नावाच्या बॉर्डर कोली आणि पॅपिलॉनच्या मिश्र कुत्र्याने, तीही १२ इंचांच्या गटातून. तोवर तिथे एकही मिश्र कुत्रं जिंकलं नव्हतं. त्या रात्री मी घरी उभी राहून टाळ्या वाजवल्या.

बॉर्डर कोली वेगवान असतात, मोठ्या स्पर्धा बहुतेक तेच जिंकतात, त्यात वादच नाही. पण तुम्हाला वीकेंडच्या ट्रायलला नॉव्हिसमध्ये, म्हणजे नवशिक्यांच्या गटात, धावायचंय. तिथे १०० पैकी ८५ गुण मिळाले की क्यू होतो, म्हणजे धाव पात्र ठरते, आणि वेळेची मर्यादा भरपूर सैल असते. मध्यम चणीची, हलक्या हाडाची, जागच्या जागी वळणारी देशी कुत्री त्या वेळात धाव आरामात पूर्ण करते.

शिवाय देशी कुत्र्याकडे एक गोष्ट असते, जी या ट्रेनर लोकांना दिसतच नाही. रस्त्यावरचं कुत्रं जगतं तेच माणसाचं अंग वाचून. समोरून येणारा बिस्किट टाकणार की दगड मारणार, हे त्याला माणसाच्या खांद्यावरून आणि चालीवरून आधीच कळावं लागतं. आणि ॲजिलिटीत हँडलर कुत्र्याशी बोलतो तो कशाने? तोंडाने कमीच. तुमचे खांदे कुठे वळलेत, पावलं कुठल्या दिशेला आहेत, तुम्ही वेग कधी कमी केलात, यावरूनच कुत्र्याला पुढचा अडथळा कळतो. फ्रंट क्रॉस, म्हणजे कुत्र्याच्या समोरून वळून आपली बाजू बदलणं, म्हणजे दुसरं काय आहे? भिंगरी सिंहगड रोडवरच्या एका बांधकामावर जन्मलेली, वॉचमनच्या भाकरीवर वाढलेली. तिला मी फ्रंट क्रॉस जवळजवळ शिकवलाच नाही. मी वळले की ती वळायची. क्लासमधल्या जातिवंत कुत्र्यांना तोच वळण्याचा धडा पुन्हा पुन्हा गिरवावा लागत होता.

पण हाच गुण ट्रायलच्या दिवशी आडवा येतो. जी कुत्री तुमचा खांदा वाचते, ती तुमची धडधडही वाचते. तुमचा आखडलेला श्वास, घामट हात, रोजच्यापेक्षा चढा आवाज, सगळं तिला कळतं. तिला एवढंच समजतं की काहीतरी गडबड आहे. घरी पाढे घडाघडा म्हणणारं पोर पाहुण्यांसमोर गप्प होतं, तेव्हा त्याला कोणी हट्टी म्हणत नाही.

आता भिंगरीचं सांगते. ती २०१९ मध्ये आमच्याबरोबर इकडे आली. पहिली ट्रायल होती घोड्यांच्या बंदिस्त रिंगणात: खाली माती, पत्र्याचं उंच छत, शेजारी शेजारी दोन रिंग. एका रिंगमध्ये आमची नॉव्हिस स्टँडर्ड, म्हणजे सगळे अडथळे असलेली धाव, दुसरीत वरच्या गटाची धाव चाललेली. टीटर, म्हणजे ती सीसॉची फळी, तुम्हाला माहीतच आहे. कुत्रं पलीकडे गेलं की फळीचं टोक धाडकन जमिनीवर आपटतं. उघड्या मैदानात तो आवाज विरून जातो. पत्र्याखाली तो फटाक्यासारखा घुमतो, आणि पुण्याच्या कुत्रीला फटाका म्हणजे काय हे मी सांगायला नको.

सुरुवात सुरेख झाली. स्टार्टला बसली, पहिली जंप, बोगदा, दुसरी जंप, ए-फ्रेम, म्हणजे दोन्हीकडून उतरती उंच चढण, आणि उतरताना तिच्या खालच्या पिवळ्या भागात चारही पाय. मी पोलच्या दिशेने वळले, म्हणजे ज्यांच्यामधून कुत्र्याने नागमोडी जायचं त्या उभ्या काठ्यांकडे. नॉव्हिसला सहाच पोल, पहिला तिच्या डाव्या खांद्याशी आला पाहिजे, आणि ती अगदी त्याच रेषेत येत होती. तेवढ्यात शेजारच्या रिंगमध्ये टीटर आपटली.

भिंगरी पोलपासून हातभर अंतरावर थांबली. कान मागे चिकटले, शेपूट खाली आली, एक पुढचा पाय अर्धवट उचललेला तसाच राहिला. मग तिने नाक मातीत घातलं. प्रेक्षकांना दिसलं ते एवढंच की कुत्री हुंगतेय. मी जवळ होते, म्हणून मला तिचे डोळे दिसले. नाक मातीत होतं, पण डोळ्यांच्या कडेने ती माझ्याकडे बघत होती, पांढरं दिसेल इतकं. कसला वास घेताना कुत्रं असं बघत नाही. जजचा हात वर गेला. मी एकदा हाक मारली, ती दोन पावलं आली, जिभेने ओठ चाटले, आणि पुन्हा नाक खाली. मग मी हसऱ्या आवाजात "चल भिंगरी, खाऊ!" म्हटलं, जजना थँक्यू म्हटलं, लीश लावली आणि दोघी पळत बाहेर आलो. बाहेर खुर्चीवर उकडलेल्या चिकनचा डबा ठेवला होता. तिला त्यातलं भरपूर दिलं.

आमचा ट्रेनर मागोमाग आला. म्हणाला, तिने तुला उडवून लावलं. रस्त्यावरच्या कुत्र्यांना माणसाचं ऐकायची सवयच नसते. हुंगलं की सुटका होते आणि वर चिकन मिळतं, हे तू तिला आज शिकवलंस. दुपारच्या धावेत कॉलर धरून पोलमधून काढ, काम संपवल्याशिवाय रिंग सोडू नकोस.

मी दुपारची धाव रद्द केली. त्याला म्हटलं, एकेसीच्या नियमात कुत्र्याला मुद्दाम हात लावणं चालत नाही आणि हिसकाहिसकी केली तर जज बाहेर काढतात, हे तुलाही माहीत आहे. तो म्हणाला, मग क्यू कशाला हवाय तुला? तिथून आमचं जे बिनसलं ते बिनसलंच. पुढच्या महिन्यापासून मी तो क्लास सोडला.

त्याचं बक्षिसाचं गणित वरवर बरोबर वाटतं, म्हणून त्यावर थोडं बोलते. कुत्रं जे करून फायदा होतो ते पुन्हा करतं, हे खरं. पण भीती हा काही कुत्र्याने टाकलेला डाव नसतो. घाबरलेल्याला खाऊ दिला म्हणून भीती वाढत नाही. तिला काम टाळायचं असतं, तर घरामागच्या अंगणात शिळ्या पोळीच्या तुकड्यासाठी तिने तेच सहा पोल पुन्हा पुन्हा कशाला केले असते? कॉलर धरून तिला त्या पोलमधून ओढलं असतं, तर ती एकच गोष्ट शिकली असती, की रिंगमध्ये आवाजही होतो आणि वर आपलं माणूसही अंगावर येतं.

त्या दुपारी आम्ही रिंगपासून लांब, दाराजवळ बसलो. टीटर आपटली की चिकन. आपटली नाही की काही नाही. पुढे कित्येक महिने हेच चालू होतं. घरी फळीच्या टोकाखाली जाड गादी ठेवून आवाज मऊ केला, मग गादीच्या जागी सतरंजी, मग पायपुसणं, मग काहीच नाही. आधी तिने पंजाने फळी खाली दाबायची, तिचा तिने आवाज काढायचा. आवाज तिच्या हातात आला तेव्हा तिची भीती पहिल्यांदा कमी झाली. मग आम्ही यूकेआय या दुसऱ्या ॲजिलिटी संघटनेच्या ट्रायलना गेलो. तिथे स्पर्धेबाहेरची सरावाची धाव घेता येते आणि रिंगमध्ये खेळणं नेता येतं. तिला दोरीचं खेळणं प्रिय. दोन जंप, खेळणं, बाहेर. एवढ्यासाठी पैसे भरून पहाटे गाडी काढायची का, असं घरचे विचारायचे. हो, काढायची.

मग पुन्हा एकेसी, पण या वेळी जंपर्स. त्यात पोल असतात, पण टीटर, ए-फ्रेम, डॉगवॉक (उंचावरची अरुंद फळी) आणि थांबायचं टेबल काहीच नसतं. सगळा वेग आणि वळणं, म्हणजे देशी कुत्रीचा हक्काचा प्रकार. भिंगरी पोलमध्ये शिरली, सहाही काढले, शेवटची जंप मारून माझ्या आधी बाहेर. हिरवी रिबन, म्हणजे क्यू, मिळाली. तोच ट्रेनर त्या दिवशी रिंगजवळ होता. म्हणाला, आज मूड होता तिचा. मूड नव्हता, त्यामागे कित्येक महिन्यांचं चिकन आणि गादी होती, आणि हे मी त्याला तिथेच सांगितलं.

म्हणून तुमच्या कुत्रीचं सांगते. हुंगायला लागण्याच्या आधीचा एक सेकंद बघा. कोणाकडून तरी व्हिडिओ काढून घ्या, कारण धावताना तो क्षण आपल्याला दिसत नाही. कान, शेपूट, ओठ चाटणं, जांभई, अंग झाडणं, उगाच रिंगभर गरगर पळत सुटणं. सुरुवात कशाने होते ते सापडेल. आवाज असेल, जज जवळ उभा असेल, किंवा तुम्हीच पोलच्या आधी ओरडत असाल. जे सापडेल त्याच्यावर काम करा, पोलवर नको. रिंगमध्ये पुन्हा झालं, तर एक हाक, नाही आली तर हसत बाहेर. तुमचा ट्रेनर ओढून काम पूर्ण करायला सांगत असेल, तर ट्रेनर बदला. दुसरा क्लास लांब असेल, तरी बदला. मी आता आठवड्याला दीड तास गाडी चालवून जाते आणि त्याचं मला काही वाटत नाही.

हुंगणं म्हणजे दर वेळी ताणच असतो, असंही नाही. घोड्यांच्या रिंगणात खरोखरच भारी वास असतात. माजावर यायच्या सुमारास कुत्रीचं लक्ष उडतं, आणि माजावरची कुत्री एकेसी ट्रायलला चालतही नाही. पाठ किंवा खांदा दुखत असेल, तरी कुत्री पोल टाळते, त्यामुळे आधी डॉक्टरांना दाखवून घ्या. आणि काही कुत्र्यांना हा गोंगाट कधीच आवडत नाही. तुमची त्यातली निघाली, तर तिला घरच्या अंगणात खेळू द्या, ट्रायल सोडून द्या. हे माझ्या त्या ट्रेनरला मी कधीच कबूल केलं नसतं, पण तुम्हाला सांगते.

उंचीचं: खांद्यापाशी १८ च्या वर आणि २२ इंचांपर्यंत असेल, तर २० इंचांचा गट. 'प्रिफर्ड' या कमी उंचीच्या वर्गात तीच कुत्री १६ ला उडी मारते. बुजरी असेल तर प्रिफर्ड भरा, त्यात काही कमीपणा नाही. वय १५ महिन्यांच्या वर हवं. खिशात खाऊ घेऊन रिंगमध्ये जाता येत नाही, त्यामुळे डबा बाहेर ठेवा आणि तो कुठे ठेवलाय ते तिला जाण्याआधी दाखवा. टॅग लटकणारा पट्टा काढावा लागतो. क्रेट, त्यावर टाकायला जुनी चादर, पाणी, घडीची खुर्ची, आणि स्वतःसाठी डबा, कारण धाव मिनिटभराची आणि वाट बघणं दिवसभराचं. क्रेट रिंगपासून लांब लावा, गाडीत ठेवता आलं तर उत्तम, पण उन्हात नको. नावं बरीच आधी बंद होतात. पहिल्या वीकेंडला शनिवारी एकच जंपर्स भरा, रविवार मोकळा ठेवा.